‘शॅल’ नेमकं काय सांगतो: उद्याची गोष्ट की अंगावरचं देणं?

साखळीच्या एका तरुणाने विचारलंय आणि प्रश्न इतका चांगला आहे की दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटत नाही. त्याला पर्वरीला नोकरी लागलीय, तिथे फ्लॅट भाड्याने घेतोय, एजंटने लीव्ह अँड लायसन्सचं अ‍ॅग्रीमेंट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि त्यात जवळजवळ प्रत्येक कलमात ‘शॅल’. ‘द लायसन्सी शॅल पे’, ‘द लायसन्सर शॅल नॉट’, ‘शॅल बी रिफंडेड’ (लायसन्सी म्हणजे जागा भाड्याने घेणारा, लायसन्सर म्हणजे मालक). शाळेत तर शिकवलं होतं की ‘आय’ आणि ‘वी’ला शॅल, बाकी सगळ्यांना विल. मग इथे तिसऱ्या माणसाला शॅल कसं काय लागलं, हा भविष्यकाळ आहे का, हा शब्द आला कुठून, आणि बाबांना मराठीत वाचून दाखवताना ‘भाडं देईल’ म्हणायचं की ‘भाडं दिलं पाहिजे’, असे त्याचे प्रश्न.

मी पणजीत दस्तऐवजांच्या भाषांतराचं काम करते, सेल डीड, भाडेकरार, देवस्थानांचे नियम, कोर्टाचे कागद, मधूनच कुणाच्या तरी आजोबांच्या पेटीतला पोर्तुगीज कागदही येतो. रोज दिवसभर ज्या शब्दाशी गाठ पडते तो हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर देते. करारात ‘अमुक माणूस शॅल’ असं आलं की तो त्या माणसाच्या अंगावरचं देणं सांगतो, पुढे काय घडेल याचा अंदाज सांगत नाही. आणि हे देणं मी अलंकार म्हणून म्हणत नाहीये, त्या शब्दाचा मूळ अर्थच तो आहे.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हे क्रियापद साधारण ‘शेआल’ असं म्हणत आणि त्याचा अर्थ होता ‘मी देणं लागतो’. पैसे, धान्य, सेवा, जे काही दुसऱ्याचं आपल्याकडे असेल ते. त्यावरून मग ‘मला हे करणं भाग आहे’ असा अर्थ आला. याच घराण्यातलं जर्मन क्रियापद आहे ‘झोलेन’, म्हणजे करायला हवं असणं, आणि त्याच मुळाचं जर्मन नाम ‘शुल्ड’, ज्याचा अर्थ कर्जही होतो आणि अपराधही होतो. इंग्रजीतलं दुसरं एक क्रियापद बघा, ‘ऑट’. ते ‘ओ’ म्हणजे देणं लागणं याचंच जुनं भूतकाळी रूप. म्हणजे इंग्रजीने कर्तव्यासाठी दोनदा शब्द घेतला आणि दोन्ही वेळा उधारीच्या वहीतून घेतला.

आपल्याला हे परकं वाटायचं काही कारण नाही. ‘मी त्याचं दोन हजार देणं लागतो’ आणि ‘मला रोज म्हापशाला जावं लागतं’ या दोन्हींत ‘लागणं’ एकच आहे. आणि गोव्यात ज्यांनी पोर्तुगीज कागद हाताळलेत त्यांना ‘देव्हेर’ माहीत असेल, त्याचा अर्थ पैसे देणं असणं, त्याचाच अर्थ करायला हवं असणं, आणि तोच शब्द नाम म्हणून घेतला की कर्तव्य. जुन्या एस्क्रितुरामध्ये, म्हणजे दस्तात, ‘देव्हेरा पागार’ असं दिसलं की मी डोळे मिटून इंग्रजीत ‘शॅल पे’ लिहिते, तिथे दोन्ही भाषांची मुळं एकाच जागी जाऊन भेटतात.

आता याच्या शेजारी ‘विल’ ठेवा म्हणजे फरक लख्ख दिसेल. विल या क्रियापदाचा मूळ अर्थ इच्छा असणं. मृत्युपत्राला इंग्रजीत विल म्हणतात ते त्याच कुळातल्या नामावरून, मेलेल्या माणसाची इच्छा म्हणून, आणि मराठीत आपण त्याला इच्छापत्रही म्हणतोच. तेव्हा मुळात ‘आय विल’ म्हणजे मला करायचंय आणि ‘आय शॅल’ म्हणजे माझ्यावर आहे, एकात मन आणि एकात बोजा. मराठीतलं ‘पाहिजे’ या दोन्ही जागी चालतं, ‘मला चहा पाहिजे’ ही इच्छा आणि ‘मला गेलं पाहिजे’ हे बंधन. कोकणीतलं ‘जाय’ अगदी तसंच, ‘म्हाका च्या जाय’ आणि ‘करूंक जाय’. इंग्रजीने ही दोन खाती वेगळी ठेवली, आपण एकत्र ठेवली.

‘पाहिजे’चा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते, व्याकरणाची आवड नसेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा. शॅलला ‘एस’ लागत नाही, ‘ही शॅल्स’ असं कुणी म्हणत नाही. ‘टू शॅल’ नाही, ‘शॅलिंग’ नाही. असं का? तर फार पूर्वी शॅल हे रूपच भूतकाळाचं होतं, नंतर ते वर्तमानासाठी वापरलं जायला लागलं, आणि भूतकाळी रूपाला तिसऱ्या पुरुषाचा ‘एस’ लागणार कसा. कॅन आणि मे यांचंही तेच. आपण नाही का म्हणत ‘मला भूक लागली’ किंवा ‘मी दमलो’, रूप भूतकाळाचं आणि सांगायची असते आत्ताची अवस्था. तसंच. आणि ‘पाहिजे’ची कथा तर फारच सुंदर आहे, ते ‘पाहणे’ या क्रियापदाचं जुनं कर्मणी रूप आहे, ज्ञानेश्वरांच्या मराठीत करिजे, बोलिजे अशी रूपं सर्रास होती, त्यातलं पाहिजे म्हणजे पाहिलं जातं, ज्याची वाट बघितली जाते ते. बाकीची रूपं गेली, हे राहिलं, ‘म्हणजे’ राहिलं, आणि आता त्याला ना धड काळ ना धड धातू. शॅलसारखंच, मूळ घर मोडलं तरी एकटं टिकून राहिलेलं रूप.

बरं, देणं असलेला शब्द भविष्यकाळात कसा गेला? त्यात अवघड काही नाही. जे द्यायचं आहे ते अजून दिलेलं नाही, पुढे कधीतरी द्यायचंय. करायचंच आहे म्हणजे होणारच आहे, असा अर्थ हळूहळू सरकत जातो. पोर्तुगीजमध्येही ‘मी करीन’ याला ‘फारेई’ म्हणतात, ते ‘करणं’ आणि ‘माझ्याकडे आहे’ हे दोन तुकडे चिकटून झालंय, म्हणजे करणं माझ्याकडे आहे, म्हणून मी करीन. चौदाव्या शतकात ज्यांनी लॅटिन बायबल इंग्रजीत आणलं त्यांनी लॅटिन भविष्यकाळासाठी शॅल ठरवून टाकला, कारण लॅटिनमधल्या ‘इच्छा असणे’ या क्रियापदासाठी त्यांना विल हवा होता. पुढे 1611 च्या इंग्रजी बायबलातही दहा आज्ञा ‘दाऊ शॅल्ट नॉट’ अशाच आहेत, आणि तिथे भविष्यकाळ कुणालाच ऐकू येत नाही, थेट हुकूम ऐकू येतो.

शाळेतल्या नियमाकडे येते. हा नियम पहिल्यांदा मांडला जॉन वॉलिसने, 1653 साली. हा ऑक्सफर्डला भूमितीचा प्राध्यापक होता, अनंतासाठी आपण जे आडव्या आठचं चिन्ह वापरतो तेही त्यानेच दोन वर्षांनी छापात आणलं. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या परदेशी लोकांसाठी त्याने लॅटिनमध्ये व्याकरण लिहिलं आणि त्यात सांगितलं की प्रथम पुरुषात नुसतं भविष्य सांगायचं तर शॅल, आणि वचन किंवा धमकी असेल तर विल. आता पुढचं नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. द्वितीय आणि तृतीय पुरुषात हे उलटं होतं, नुसतं भविष्य असेल तर विल, आणि बोलणारा वचन देत असेल किंवा धमकावत असेल तर शॅल. रॉबर्ट लाउथ नावाच्या बिशपने 1762 च्या आपल्या व्याकरणात हेच पुन्हा लिहिलं आणि त्यात हुकूमही जोडला, त्याचं व्याकरण इंग्लंडच्या शाळांत खूप चाललं, आणि तिथून फिरत फिरत ते आपल्या इंग्रजीच्या तासाला आलं. पण येताना अर्धंच आलं! ‘आय-वीला शॅल, बाकीच्यांना विल’ एवढं मुलं पाठ करतात, आणि उरलेला अर्धा भाग, म्हणजे तिसऱ्या माणसाला शॅल लावला की तो त्याच्यावर टाकलेला हुकूम होतो, हे कुणी सांगतच नाही. त्यामुळे ‘द लायसन्सी शॅल पे’ ही शाळेच्या नियमातली चूक वाटते, प्रत्यक्षात ती त्याच नियमाची दुसरी बाजू आहे. मला यात मुलांचा काही दोष दिसत नाही, ज्याचा पुढे सगळ्यात जास्त उपयोग होणार तोच तुकडा आपण शिकवायचा सोडला.

नियमामागे तर्क आहे, हे मी मान्य करते. मी माझ्याबद्दल बोलताना ‘विल’ म्हटलं तर माझी इच्छा, माझा हट्ट त्यात येतोच, म्हणून साध्या भविष्यासाठी दुसरा शब्द. दुसऱ्याला ‘यू शॅल’ म्हटलं तर त्याच्यावर टाकणारी मी. जुने मास्तर एक गोष्ट सांगायचे, पाण्यात बुडणारा एक परका माणूस ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’, आणि काठावरचे इंग्रज लोक म्हणतात याला बुडायचंच आहे आणि आपल्याला वाचवायची बंदी केलीय, मग ते निमूट उभे राहतात.

पण बोलणारी माणसं या नियमाने कधीच पूर्ण वागली नाहीत. स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिका इथे तो नीट रुजलाच नाही. 4 जून 1940 ला चर्चिल ब्रिटिश पार्लमेंटमध्ये ‘वी शॅल नेव्हर सरेंडर’ म्हणाला, वॉलिसच्या हिशेबाने ते साधं भविष्य ठरतं, पण ऐकणाऱ्याला ती शपथच वाटते. 1942 मध्ये जनरल मॅकार्थर फिलिपिन्स सोडून आल्यावर ‘आय शॅल रिटर्न’ म्हणाला, तेही तसंच. आज बोलताना सगळं ‘आयल’, ‘वील’ असं आखडून जातं आणि त्यात शॅल होता की विल हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. तेव्हा रोजच्या बोलण्यात, ईमेलमध्ये सगळीकडे विल वापरा, काही बिघडत नाही. परीक्षेत विचारलं तर पुस्तकातला नियम लिहा आणि मार्क घ्या.

एका ठिकाणी मात्र शॅल बोलण्यात अजून जिवंत आहे आणि तिथे प्रमाण इंग्रजीत विल चालत नाही, ते म्हणजे प्रश्न. ‘शॅल आय कॉल अ टॅक्सी, सर?’ आपल्याकडे हॉटेलात कामाला असलेली मुलं हे रोज बोलतात आणि बरोबर बोलतात. मराठीत ते ‘बोलावू का?’ होतं, ‘बोलावीन का?’ होत नाही, कारण प्रश्न माझ्या भविष्याबद्दल नाहीच, तुमची मर्जी काय ते मी विचारतेय. ‘शॅल वी गो?’ म्हणजे ‘निघूया?’. इथे ‘विल आय कॉल अ टॅक्सी’ म्हटलं तर समोरचा म्हणेल मला काय विचारता, तुम्हीच सांगा तुम्ही बोलावणार की नाही. अमेरिकन लोक इथे ‘शुड आय’ म्हणतात, तेही चालतं. शुड हे शॅलचंच भूतकाळी रूप, देणं जरा सैल झालेलं, म्हणून त्यात हुकमाऐवजी सल्ला येतो. (शुडच्या स्पेलिंगमधला ‘एल’ शॅलकडून आलेला आहे, पण कुडमधला ‘एल’ नुसता शुड-वुडचं बघून घातलेला, कॅनमध्ये ‘एल’ आहेच कुठे.)

आता करार. एक-दोन कलमं समोर धरूनच बघू, कारण शॅल दिसायला सगळीकडे एक असला तरी काम वेगवेगळी करतो, आणि सही करणाऱ्याचं नुकसान होतं ते तिथे.

‘द लायसन्सी शॅल पे द लायसन्स फी ऑन ऑर बिफोर द फिफ्थ डे ऑफ एव्हरी मंथ’. हा खरा शॅल. कोण देणं लागतो, लायसन्सी म्हणजे तुम्ही. काय, फी, म्हणजे भाडं. कधी, 5 तारखेपर्यंत. शॅलच्या जागी मनात ‘देणं लागतो’ किंवा ‘बांधील आहे’ घालून बघा, वाक्य नीट उभं राहतं.

‘द लायसन्स फी शॅल बी रुपीज फिफ्टीन थाउजंड पर मंथ’. इथे घालून बघा. फी कुणाचं काय देणं लागणार? कर्ता निर्जीव आहे, त्याच्यावर कर्तव्य टाकता येत नाही. हा शॅल नुसता सवयीने आलाय, ‘इज’ लिहिलं असतं तरी तेवढंच. निरुपद्रवी आहे, सोडून द्या.

‘द लायसन्सी शॅल बी एन्टायटल्ड टू यूज वन पार्किंग स्लॉट’. हे तुमचं देणं नाही, तुमचा हक्क आहे. पार्किंग वापरायलाच पाहिजे असं कुणी म्हणत नाहीये.

आणि आता ते, ज्याच्यावर माझं बोट दर वेळी थांबतं: ‘द सिक्युरिटी डिपॉझिट शॅल बी रिफंडेड आफ्टर द एक्स्पायरी ऑफ द टर्म’. कर्मणी वाक्य. परत केलं जाईल, पण करणार कोण? आपल्याकडे फ्लॅटचा मालक बऱ्याचदा दुबईला नाहीतर लंडनला असतो, डिपॉझिट एजंटच्या खात्यात जातं, अकरा महिने संपले की मालक म्हणतो एजंटला विचारा आणि एजंट म्हणतो मालकाने सांगितल्याशिवाय देता येत नाही. आणि किती दिवसांत? ‘आफ्टर’ म्हणजे दुसऱ्या दिवशी की सहा महिन्यांनी? वाक्यात शॅल ठळक बसलाय, पण देणेकरीही नाही आणि तारीखही नाही. अशी भांडणं मी इतकी बघितलीयेत की शॅल दिसला की मी आधी त्याचा कर्ता शोधते, तो माणूस किंवा कंपनी असेल तरच पुढे वाचते, नसेल तर पेन्सिलीने गोल करते. तुम्हीही तेच करा. एजंटला सांगा की हे वाक्य ‘द लायसन्सर शॅल रिफंड द डिपॉझिट टू द लायसन्सी विदिन फिफ्टीन डेज’ असं करून द्या. चांगला एजंट लगेच करून देतो, आणि जो एवढ्याला आढेवेढे घेईल त्याच्याबद्दल तुम्हाला सहीआधीच कळलं.

कुणी म्हणेल शॅल आहे म्हणजे बंधनकारकच, कोर्टात टिकेलच. तसंही सरळ नाही. सुप्रीम कोर्टाने 1957 मध्ये उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या खटल्यात राज्यघटनेच्या कलम 320 मधला शॅल बघितला. सरकारी नोकरावर शिस्तीची कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल, ‘शॅल बी कन्सल्टेड’, असं तिथे आहे. कोर्ट म्हणालं सल्ला घेतला नाही एवढ्यावरून कारवाई रद्द होत नाही, हा शॅल मार्गदर्शक आहे. नंतरचं उदाहरण तर आणखी जवळचं. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने कैफियत, म्हणजे आपलं लेखी उत्तर, किती दिवसांत द्यायची याबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेत शॅल आहे, 30 दिवस आणि फार तर 90. 2005 मध्ये कैलास विरुद्ध नन्हकू या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही मुदत मार्गदर्शक आहे, सबळ कारण असेल तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. पण व्यापारी दाव्यांसाठी 2015 च्या कायद्याने 120 दिवस ठेवले आणि पुढे लिहून टाकलं की त्यानंतर प्रतिवादीचा हक्कच जाईल आणि कोर्ट कैफियत दाखल करून घेणार नाही. 2019 मध्ये एससीजी कॉन्ट्रॅक्ट्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा शॅल मात्र सक्तीचा ठरवला. शब्द तोच. फरक पडला तो शॅल मोडला तर काय होईल हे लिहिलं होतं की नव्हतं याने. म्हणून तुमच्या करारातही बघा, 5 तारीख चुकली तर काय, रोजचा दंड की महिन्याची नोटीस, आणि डिपॉझिट वेळेत दिलं नाही तर त्यावर व्याज आहे का. एका बाजूच्या शॅलमागे दंड लिहिलेला आणि दुसऱ्या बाजूच्या शॅलमागे काहीच नाही, असे करार ढिगाने असतात.

शॅल कुठे ठेवला याने केवढा फरक पडतो याचं मोठं उदाहरण राज्यघटनेच्या कलम 74 मध्ये आहे. मूळ वाक्य असं की राष्ट्रपतींना सहाय्य आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल, ‘देअर शॅल बी’. म्हणजे शॅल मंत्रिमंडळाच्या असण्याला होता, राष्ट्रपतींनी सल्ला मानण्याला नव्हता. राष्ट्रपती सल्ल्याने बांधील आहेत का यावर राजेंद्रप्रसादांच्या काळापासून चर्चा चालली. 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राष्ट्रपतींच्या पुढेच शॅल आणून ठेवला, ‘शॅल अ‍ॅक्ट इन अकॉर्डन्स विथ सच अ‍ॅडव्हाइस’, आणि वाद मिटला. मग 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्यात भर घातली की राष्ट्रपती एकदा फेरविचाराला सांगू शकतात, ‘मे’, पण फेरविचारानंतर आलेल्या सल्ल्याप्रमाणे वागायचं, पुन्हा ‘शॅल’. दोन ओळींत मे आणि शॅलचा इतका नेमका वापर मला दुसरीकडे क्वचितच दिसला.

या सगळ्या गोंधळामुळे काही देशांनी शॅलला रजाच दिलीय. दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या राज्यघटनेत बंधनासाठी ‘मस्ट’ आहे. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांचे दिवाणी नियम 2007 मध्ये नव्याने लिहिले तेव्हा त्यातून शॅल काढून टाकला. आपल्याकडे मात्र तो ठाम आहे, 2023 ची भारतीय न्याय संहिता उघडा, शिक्षेच्या जवळजवळ प्रत्येक कलमात ‘शॅल बी पनिश्ड’. इंजिनीअर लोकांनी यावर त्यांच्यापुरता चांगला तोडगा काढलाय, आयएसओच्या मानकांमध्ये शॅल म्हणजे सक्ती, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी असं ठरलेलं आहे, आणि इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांनी 1997 मध्ये शॅल आणि मस्ट एकाच अर्थाचे म्हणून जाहीर केले. तुमच्यापैकी कुणी टेंडर वाचत असाल तर हा फरक पक्का लक्षात ठेवा, ‘कॉन्ट्रॅक्टर शुड’ असं वाचून त्याप्रमाणे खर्च धरला नाही आणि खाली कुठेतरी ‘शॅल’ निघाला तर गणित फसतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर साध्या करारात मस्ट लिहिलेलं बरं, वाचणाऱ्याला डिक्शनरी लागत नाही. पण शॅल असलेला करार वाईट असतो असंही नाही, कर्ता नीट असला की पुरे.

राहिला मराठीचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यात जिव्हाळ्याचा. सरकारी मराठीत शॅलसाठी साधं भविष्यकाळी रूप घेतात, करील, राहील, असेल. राज्यघटनेच्या मराठी प्रतीत पहिल्याच अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ ‘असेल’ असं आहे. कायद्याच्या माणसाला त्यातला हुकूम ऐकू येतो. पण साखळीच्या घरात ओसरीवर बसून बाबांना ‘लायसन्सी फी देईल’ असं वाचून दाखवलंत तर ते म्हणतील, देईल तर देईल, त्यात काय. त्यांना त्यात बंधन ऐकू येणार नाही. ‘द्यावी’ लिहिलं तर हुकूम येतो पण सल्लाही येतो, देवळाच्या दारात ‘चपला बाहेर काढाव्यात’ ही सक्ती आणि डॉक्टरांच्या कागदावर ‘सकाळी चालावे’ हा सल्ला, रूप एकच. म्हणून करारात माणसावरचा शॅल असेल तर मी ‘-ने’ आणि ‘पाहिजे’ वापरते, ‘लायसन्सीने दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत फी दिली पाहिजे’, किंवा जास्त औपचारिक हवं असेल तर ‘देणे बंधनकारक राहील’. यात आणखी एक फायदा होतो. ‘डिपॉझिट परत केले जाईल’ हे मराठीत गुळगुळीत सरकून जातं, पण ‘डिपॉझिट परत केले पाहिजे’ म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कुणी? बाबांना असं वाचून दाखवलंत तर इंग्रजीतलं भोक तेच तुम्हाला दाखवतील.

नकाराचं बघा. ‘शॅल नॉट सबलेट’ला ‘पोटभाडेकरू ठेवू नये’ म्हटलं तर मऊ पडतं, नये म्हणजे मुळात न ये, येत नाही, शोभत नाही अशातलं ते. करारात मी ‘ठेवता येणार नाही’ लिहिते, म्हणजे तो अधिकारच नाही असं स्पष्ट होतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मध्येही जीवित आणि स्वातंत्र्यापासून ‘वंचित केले जाणार नाही’ असं आहे, तिथे नये कुणी घातलं नाही ते बरंच झालं. आणि ‘द लायसन्सर शॅल नॉट बी रिस्पॉन्सिबल’ असं आलं तर ती मनाई नाही, मालक जबाबदारी झटकतोय, तेव्हा ‘मालकावर जबाबदारी राहणार नाही’ एवढंच, आणि कशाची जबाबदारी ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, त्यात पावसाळ्यातली गळती घातलेली असते.

शेवटी एक उरलं, ‘शॅल बी डीम्ड’. तुमच्या करारात नोटिशीच्या कलमात ते नक्की असेल, की पोस्टाने पाठवलेली नोटीस सात दिवसांनी मिळाली असे ‘समजले जाईल’. इथे शॅल कुणाचंच देणं सांगत नाही, तो एक गोष्ट घडली असं मानून चालायला सांगतो, ती खरोखर घडली असो वा नसो. पाकीट तुमच्या हातात पडलंच नाही तरी कागदावर ते पडलं. म्हणून त्या कलमात फक्त फ्लॅटचा पत्ता ठेवू नका, दिवसभर ऑफिसात असाल तर पोस्टमन परत जाणार, खाली साखळीच्या घरचा पत्ता आणि ईमेलही घालून घ्या, आणि तिन्हीकडे नोटीस पाठवली पाहिजे असं त्यात लिहवून घ्या.